वाढत्या अंगाचं तिकीट

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या दुकानात ती मास्तरीण होती. मास्तरीण म्हणजे शिकवणारी नव्हे, कापणारी. ती माप घ्यायची, खडूने आखायची, कात्री चालवायची आणि मागच्या खोलीतल्या चौघी मशीनवर शिवायच्या. शाळा उघडायच्या आधीच्या महिन्यात दिवसाला साठ-सत्तर पोरं तिच्या टेपखालून जायची. प्रत्येकाच्या मापात ती तीन इंच वाढवायची आणि ते खालच्या पट्टीत दुमडून ठेवायची. "वाढत्या अंगाचं शिवते," आयांना सांगायची, "दोन वर्षं बघायला नको." बारा वर्षांत हा अंदाज एकदाही चुकला नव्हता.

चुकला तो स्वतःच्या घरात, आणि चांगला बाराशेला चुकला.

झालं असं की गेल्या वर्षी नणंद एका थीम पार्कचं पत्रक घेऊन आली. ती स्वतः जाऊन आली होती आणि तेव्हापासून तिच्या दर चौथ्या वाक्यात पार्क यायचं. "वहिनी, एकदा न्याच पोरांना. पोरं काय अशीच लहान राहणारेत का?" असं म्हणून तिने पत्रक टेबलावर ठेवलं, चहा प्याली आणि गेली. सल्ला फुकट, पत्रक फुकट. पत्रकात छापलेलं बाकी काहीच फुकट नव्हतं.

त्यात 'गरुड' नावाच्या एका यंत्राचा फोटो होता. खुर्च्या दोन इमारतींएवढ्या उंच जातात, तिथे उलट्या होतात आणि वरची माणसं तोंड फाडून ओरडतात. माणसाला उलटं टांगायचे पैसे घेणारा धंदा म्हणजे हा. थोरल्या मुलीने तो फोटो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. ती तेव्हा सहा वर्षांची होती आणि अंगाने अशी की घरात सगळे तिला काडीच म्हणायचे. "मला यात बसायचंय," काडी म्हणाली. त्यानंतर वर्षभर तिने दुसरं काही मागितलं नाही. वाढदिवसाला सुद्धा नाही. पोर काही मागत नसलं की आईबापांना बरं वाटतं. वाटू नये. ते एकाच गोष्टीवर सगळं लावून बसलेलं असतं.

नवरा घरोघरी फिरून पाण्याचे मीटर वाचायचा. आकड्यांवर त्याचा जीव, कारण आकडे उलटून बोलत नाहीत. त्याने रीडिंगची जुनी वही उलट्या बाजूने उघडली आणि सहलीचं अंदाजपत्रक मांडलं. पार्कचा नियम सोपा होता. नव्वद सेंटिमीटरच्या आत फुकट, नव्वद ते एकशेवीस अर्धं, त्याच्या वर पूर्ण. पूर्ण म्हणजे बाराशे.

"वय का नाही विचारत?" मास्तरणीने विचारलं.

"वयाला दाखला लागतो. उंचीला भिंत पुरते."

म्हणजे पोराने दूध प्यायलं की बापाने भरायचं. ज्याने हा नियम काढला त्याला एकतर मुलं नसावीत, नाहीतर पगार भरमसाट असावा.

मास्तरणीने स्वतःच्या हाताने दोघांना दाराला टेकवून मोजलं. काडी एकशे चौदा. धाकटा ढब्बू, वय वर्षं दोन, चौऱ्याऐंशी. नवऱ्याने लिहिलं: दोन पूर्ण, एक अर्धं, एक फुकट, एकूण तीन हजार. खाली दोन रेघा मारल्या. मग बसभाडं, दोन रात्रींची खोली, खाणं, आणि 'अडीअडचण' म्हणून दोनशे. दोनशेत मावेल एवढीच अडचण यावी अशी त्याची अपेक्षा होती.

पुढचं वर्ष त्या वहीने चालवलं. नवरा दोन स्टॉप आधी उतरून चालायला लागला. मास्तरीण दुकानातून शर्ट घरी आणून रात्री काज-बटणं करायची, डझनावर पैसे. वर्तमानपत्र बंद झालं. ढब्बूच्या वाढदिवसाला केक आला नाही, पण त्याला वाढदिवस म्हणजे काय हे ठाऊक नसल्यामुळे कोणी रडलं नाही. जोडे मात्र काडीला दोनदा घ्यावे लागले. दोन्ही वेळा नवरा म्हणाला, "हिचे पाय कुठे चाललेत?" आणि दोन्ही वेळा कोणाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

प्रकाश पडला सहलीला आठ दिवस उरले तेव्हा. काडीचा शाळेचा झगा आखूड झाला म्हणून मास्तरीण पट्टी उसवायला बसली, आणि आत उसवायला काहीच नव्हतं. वर्षात तिन्ही इंच संपले होते. तिने सुई टोचून ठेवली आणि हाक मारली, "काडे, दाराशी उभी राहा." मग ढब्बूला उभं केलं. मग नवऱ्याला म्हणाली, "अहो, वही आणा."

"काय झालं?"

"काडी एकशे एकवीस. ढब्बू त्र्याण्णव."

नवऱ्याने आकडे लिहून घेतले, सवयीने. मग त्याला अर्थ कळला. "तीन पूर्ण, एक अर्धं. बेचाळीसशे." तो पेन चावत म्हणाला. "बाराशे जादा. अगं, जगातल्या सगळ्या पोरांना तू तीन-तीन इंच वाढवून देतेस आणि घरच्या दोघांना एक सूत नाही?"

"तुम्ही महिन्याच्या महिन्याला मीटर बघता ना? मागच्या महिन्याचा आकडा कधी तसाच सापडलाय का? मग मुलांचाच का सापडावा?"

दोघांचंही बरोबर होतं. बस आणि खोलीचे पैसे भरून झाले होते, ते परत मिळणार नव्हते. खाण्याच्या पैशांना हात लावला तर एक दिवस कडक उपास. नणंदेला फोन लावला. ती म्हणाली, "ढब्बूला झोपवून खांद्यावर न्या. झोपलेल्या पोराला मोजत नाहीत. आणि काडीला म्हणावं जरा गुडघ्यात वाक. सगळेच करतात गं. फाटकाच्या आत गेलं की कोण बघतंय?"

सगळेच करतात म्हटल्यावर मास्तरणीनेही केलं, पण तिने ते कारागिराच्या पद्धतीने केलं. उरलेल्या कापडातून काडीला पोटरीपर्यंत येणारा, भरपूर घेराचा फ्रॉक शिवला. आत गुडघे दोन इंच वाकले तरी बाहेर चुणीसुद्धा हलणार नाही असा. तिच्या हातून इतका चोख कपडा कधी झाला नव्हता, आणि तो होता पोरीला खुजं दाखवायला.

रोज संध्याकाळी दाराशी तालीम व्हायची.

"टाच उचलू नकोस."

"नाही उचलली."

"खांदे वर नकोत. तोंड असं का केलंयस?"

"दुखतंय."

"दुखत असलं तरी तोंडावर नको. आणि मी सांगेपर्यंत सरळ व्हायचं नाही. कळलं?"

"मग गरुड?"

"आत गेलं की गरुड."

काडी शिकली. चौथ्या दिवशी ती शाळेत बाकाशी उभी राहतानाही वाकायला लागली. ढब्बू कोपऱ्यात बसून हे सगळं बघायचा आणि आपली पाळी कधी येणार म्हणून भोकाड पसरायचा.

बसमध्ये रात्र गेली. सकाळी खोलीवर अंघोळी उरकून, पिशवीत पाव, उकडलेली अंडी आणि केळी भरून चौघं फाटकाशी पोचली. ढब्बू ठरल्याप्रमाणे बापाच्या खांद्यावर झोपला होता. काल रात्री त्याला मुद्दाम जागवला होता, म्हणजे खरं तर त्यानेच सगळ्यांना जागवलं होतं.

तिकिटाच्या रांगेच्या तोंडाशी एक लाकडी मगर शेपटीवर उभी केली होती आणि तिच्या पोटावर आकडे रंगवले होते. शेजारी स्टुलावर तपासणीवाली बाई. तिच्या मांडीवर मनगटाला बांधायच्या कागदी पट्ट्यांची दोन रिळं होती, अर्ध्याला पिवळी, पूर्णाला हिरवी.

"ये गं. टाच टेकव. वर बघ."

काडीने टाच टेकवली. फ्रॉकच्या आत गुडघे वाकले. तोंडावर काही नाही.

"एकशे अठरा. अर्धं." बाईने पिवळी पट्टी फाडली.

नवऱ्याने वर्षभराचा श्वास सोडला. तेवढ्यात मास्तरणीची नजर स्टुलामागच्या फळ्यावर गेली. खेळांची नावं, प्रत्येक नावापुढे पिवळे-हिरवे ठिपके. 'गरुड'पुढे एकच ठिपका होता. पत्रकात यातलं काही नव्हतं. पत्रकात 'अटी लागू' एवढंच होतं, तेही मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत.

"बाई, पिवळ्यावर गरुडात बसता येतं ना?"

"नाही हो. गरुड हिरव्याला. पिवळ्याला कपबशा, आगगाडी आणि बदकं."

काडीने ऐकलं. ऐकून ती हलली नाही. आई सांगेपर्यंत सरळ व्हायचं नव्हतं. ती तशीच मगरीला टेकून आईकडे बघत राहिली, आणि फ्रॉकची कड थरथरायला लागली, कारण आत गुडघे थरथरत होते. आई म्हणेल तितका वेळ आणि म्हणेल तेवढं खुजं राहायची तिची तयारी होती. बदकांत बसायचीही असावी.

मास्तरणीला कोणाचा राग आला ते तिला सांगता आलं नसतं. मगरीचा, नणंदेचा, फ्रॉकचा. सगळ्यात जास्त फ्रॉकचा, कारण तो फारच चांगला झाला होता. तिने पुढे होऊन काडीच्या पाठीच्या खळग्यावर तळहात ठेवला.

"ऊठ," ती म्हणाली. "पूर्ण ऊठ."

काडी उठली. एकशे एकवीस, आणि केस धरले तर बावीस.

"अहो, आत्ता एकशे अठरा होती ना!"

"वाढली."

"कधी?"

"आत्ताच. तुमच्यासमोर."

बाईने फ्रॉककडे पाहिलं, गुडघ्यांच्या जागेकडे पाहिलं. "दिवसाला चाळीस आकसलेली पोरं बघते मी," ती म्हणाली. "परत लांब झालेलं हे पहिलंच." आणि तिने हिरवी पट्टी फाडली.

या गडबडीत ढब्बू जागा झाला. समोर मोजमाप चाललेलं, आणि आठ दिवस त्याला कोणी मोजलं नव्हतं. "मी पण! मी पण!" करत तो बापाच्या अंगावरून घसरला, मगरीला जाऊन टेकला आणि हनुवटी आभाळाला लावून उभा राहिला.

"त्र्याण्णव," बाई म्हणाली. "हाही वाढला वाटतं?"

नवऱ्याने मास्तरणीला बाजूला घेतलं. "डोकं फिरलंय का तुझं? झालं होतं ना काम!"

"बदकांचं झालं होतं."

"बाराशे आणू कुठून मी आता?"

"आणू नका. कोणीच आत जायला नको. चला घरी."

तिने तसं केलं असतं हे त्याला माहीत होतं. त्याने वही काढली नाही, हे नवल. नुसतं तोंडाने पुटपुटत त्याने हिशेब केला. मग बाईला विचारलं, "ही पोरगी एकटी बसेल का गरुडात?"

"एकशे चाळीसपर्यंत मोठं माणूस बरोबर पाहिजे."

"मग तू जा," तो मास्तरणीला म्हणाला. "मी आणि ढब्बू बाहेर बसतो. दोन पूर्ण, चोवीसशे. सहाशे उरतात वर."

"आणि तुम्ही?"

"मला काय करायचंय आत? मला उंचावर चक्कर येते."

हा माणूस आठवड्यातून दोनदा शिडीने पाण्याच्या टाकीवर चढायचा. मास्तरणीने पिशवीतून अर्धे पाव, दोन अंडी आणि सगळी केळी काढून त्याच्या हातात दिली. ढब्बूने आत न जाण्याबद्दल हूं की चूं केलं नाही. त्याला फाटकाशेजारी गटाराची जाळी सापडली होती आणि तिच्यातून खडे टाकले की आवाज यायचा.

गरुडाच्या रांगेत पाऊण तास गेला. खुर्चीत बसल्यावर छातीवर लोखंडी दांडा आला, खाली जमीन निघून गेली आणि सगळं उलटं झालं. मास्तरीण ओरडली. तिने आयुष्यात कोणाला दिल्या नव्हत्या अशा शिव्या तिच्या तोंडून वरच्या वर बाहेर पडल्या, पार्कला, पत्रकाला आणि त्याच्या छापणाऱ्याला. काडी ओरडली नाही. ती डोळे टक्क उघडे ठेवून बघत होती, दुकानात चांगलं कापड निवडणाऱ्या बाईसारखी.

खाली उतरल्यावर मास्तरणीने कठडा धरला. सकाळचा चहा गळ्याशी आला होता.

"झालं?" तिने विचारलं.

"परत," काडी म्हणाली.

"परत?"

"पुन्हा पैसे द्यावे लागतात का?"

"नाही," मास्तरीण म्हणाली, आणि तिच्या डोक्यात चक्र फिरायला लागलं. चोवीसशेत एक फेरी म्हणजे दरोडा. दोन केल्या तर बाराशेला एक. तीन केल्या तर आठशे. "चल," ती म्हणाली.

तिसऱ्या फेरीला तिने वर असताना डोळे उघडले. भिंतीबाहेर फुटपाथच्या कडेला नवरा बसलेला दिसला, मांडीवर ढब्बू, दोघांच्या हातात केळी. नवरा पार्ककडे बघून जोरजोरात हात हलवत होता. तो भलत्याच पाळण्याला हात करत होता. तरी तिने इकडून केला.

चौथीला सहाशे. पाचवीला चारशेऐंशी. दुपारनंतर उन्हाने रांग विरळ झाली आणि फेऱ्या भराभर व्हायला लागल्या. सहावीनंतर मास्तरीण झुडपामागे जाऊन ओकून आली, तोंड धुतलं आणि रांगेत उभी राहिली. काडीला आता यंत्रवाला ओळखायला लागला होता आणि पहिल्या ओळीची खुर्ची तिच्यासाठी धरून ठेवायचा.

आठव्या फेरीला तो दांड्याशी थांबला. "मावशी, तुम्ही नका येऊ आता. रंग बघा तुमचा. भिंतीचा चुना झालाय."

"ही एकटी बसेल?"

"नाही. नियम आहे."

"बंद किती वाजता होतं?"

"सहाला."

यंत्राच्या खांबावरच्या घड्याळात सव्वाचार झाले होते. काडी आईकडे बघत नव्हती, समोर बघत होती, पाठ ताठ, हात दांड्यासाठी वर.

"मग उभे काय राहिलात?" मास्तरीण म्हणाली. "दांडा खाली घ्या."