डावरीची बाजू

द्रौपदाबाईला टेनिसचं वेड लागलं ते केळ्यापायी. एरवी सावद्याजवळच्या त्या गावात, जिथं माणसाची पत त्याच्या केळीच्या खोडांवरून ठरते, तिथल्या पन्नाशीच्या बाईचा आणि टेनिसचा संबंध तो काय? पण एका जुलैत घरात टीव्ही आला. पोरगा अभिमन गच्चीवर चढून अँटेना फिरवत बसला, आणि पडद्यावर पहिलं म्हणून जे चित्र धड उमटलं, त्यात एक गोरी बाई खुर्चीत बसून केळ खात होती.

"थांब रे! हलवू नको!" द्रौपदाबाई खालून ओरडली. "बाई आपलं केळ खाऊन राहिली!"

सावद्याच्या स्टेशनातून केळ्यांनी भरलेल्या वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, दिल्लीला जातात, हे तिला माहीत होतं. दिल्लीच्या पुढं काय, ते कोणी सांगितलं नव्हतं. तिनं आपलं धरून चालवलं की पुढं इंग्लंड. दोन वर्षं ती ह्याच समजात होती आणि स्टेशनवरच्या बाबूलाही तिनं एकदा बजावलं होतं की वाघीण उन्हात उभी ठेवत जाऊ नका, तिकडं त्या बाईचा खेळ बिघडतो. बाबू बिचारा हो म्हणाला.

तो गैरसमज काढला तिच्या सुनेनं, लिलानं. लिला धुळ्याकडची, बोलणं अहिराणी, 'पाहा'ला 'दखा' म्हणणारी. कॉलेजात खो-खो खेळलेली, खेळ शिकवण्याची पदवी घेतलेली. लग्न होऊन आली त्या पहिल्याच उन्हाळ्यानंतर तिनं सासूला शेजारी बसवून टेनिसचे नियम समजावले आणि इंग्लंडातली केळी कुठल्या कुठल्या देशांतून येतात तेही सांगून टाकलं. द्रौपदाबाई दोन दिवस फुगून बसली. तिसऱ्या दिवशी मॅच होती, म्हणून बोलायला लागली. केळ परकं निघालं तरी बाई आता परकी राहिली नव्हती.

त्या बाईचं नाव गावात कोणाच्याच जिभेवर टिकायचं नाही. ती डाव्या हातानं खेळायची म्हणून डावरी. इंग्लंडातली ती गवतावरची स्पर्धा तिनं आठ वेळा जिंकली होती, पण गेली तीन वर्षं हात रिकामे. सदतीस वर्षांची झाली, गुडघ्याला पट्टा आला, पेपरवाले दरवर्षी तिला निरोप देऊन मोकळे व्हायचे. द्रौपदाबाई त्या पेपरात भाकरीसुद्धा बांधायची नाही.

आणि लिला कोणाच्या बाजूची? तर वेणीवालीच्या. ही पोरगी एकोणीस वर्षांची, लांब वेणी, तोफेसारखी सर्व्हिस. "आत्याबाई, मन्ही पोर दखा," लिला हिणवायची, "ती एकोणीसनी शे, तुमनी सदतीसनी!" सासू म्हणायची, "तुह्या पोरीले केळ खाता येत नाही, मॅच काय जिंकीन!" दोघींचं असं भांडण चाललं की शेजारणी कान टवकारायच्या आणि निराश होऊन परत जायच्या. सासू-सुनांनी भांडावं तर ते चुलीवरून, कपाटाच्या किल्लीवरून. बॅकहँडवरून कसलं भांडायचं?

त्या वर्षी मात्र खरोखरीचं काहीतरी मधे येऊन पडलं. धुळ्याच्या एका शाळेचं लिलाला पत्र आलं. खेळाची शिक्षिका म्हणून नेमणूक, सोमवारी सकाळी हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला. अभिमन केळ्याचा ट्रक चालवायचा. महिन्यातले वीस दिवस आग्रा रोडवर. त्याला घर सावद्याला काय नि धुळ्याला काय, उलट धुळं रस्त्यातच. "आई हो म्हणत असीन तर जा," एवढं बोलून तो इंदूरला निघून गेला. आणि आई आठ दिवस नुसतं "पाहू" म्हणत होती.

ती नाही म्हणत नव्हती, हो म्हणत नव्हती. खरी गोष्ट अशी की तिला भीती वाटत होती. नवरा गेल्यावर बारा वर्षं तिनं एकटीनं बाग केली, तेव्हा पोरगा बहुतेक बाहेरच असायचा, आणि घरात संध्याकाळी दिवा लावला की दुसरं माणूस नसायचं. भिंतीशी बोलायची सवय लागली होती. ती सवय लिलानं मोडली. आता पुन्हा भिंत? पण हे सुनेला कोण सांगणार! सासूपण आडवं येत होतं.

गुरुवारी डावरीही जिंकली, वेणीवालीही जिंकली, आणि शनिवारच्या फायनलला दोघी समोरासमोर आल्या. त्या गुरुवारी घरात मॅच पाहायला जमलेल्यांत झुलाल होता. हा केळी कापणाऱ्या टोळीचा मुकादम. माणूस चांगला, पण जिथं काडी पडलेली दिसेल तिथं फुंकर घालणारा.

"काकू," तो म्हणाला, "आठ दिवस झाले तुमचं पाहू-पाहू चालू आहे. आता शनिवारच्या मॅचवर सोडून द्या ना वहिनीचं धुळं!"

सगळे हसले. डावरीच्या विजयानं द्रौपदाबाईच्या अंगात वारं भरलेलं. ती भर बैठकीत उठून म्हणाली, "सोडलं! डावरी जिंकली तर लिला इथीच राहीन. वेणीवाली जिंकली तर सोमवारी धुळ्याले. माहा शब्द आहे."

हसणं तिथंच थांबलं. कारण द्रौपदाबाईचा शब्द म्हणजे काय, हे पंचक्रोशीला ठाऊक होतं. रात्री व्यापाऱ्याला बाग दिली म्हटलं आणि सकाळी भाव चढला, तरी ती फिरली नव्हती, एकदा नव्हे चारदा. "बरं," लिला म्हणाली आणि चहाच्या कपबशा उचलून आत गेली. द्रौपदाबाईला त्याच क्षणी जीभ चावावीशी वाटली, पण सुटलेला शब्द आणि कापलेला घड, दोन्ही परत लागत नाहीत.

शनिवारी सहालाच घर भरलं. ओसरीवर माणसं, खिडकीत माणसं, पायऱ्यांवर बायका. अर्ध्यांना टेनिस कळत नव्हतं, पण लिलाची नोकरी पणाला लागली आहे हे सगळ्यांना कळत होतं, आणि त्यावरच मॅच रंगली. बायका बहुतेक वेणीवालीच्या बाजूच्या झाल्या. द्रौपदाबाई पुढं पाटावर मांडी घालून बसली. लिला मागं दाराशी उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

पहिला सेट वेणीवालीनं तीनच गेम देऊन खाल्ला. तिच्या सर्व्हिसचा चेंडू पडद्यावर दिसायचाच नाही, नुसता आवाज यायचा आणि डावरी दुसऱ्या बाजूला चालायला लागायची. "हे काही खरं नाही, काकू," झुलाल म्हणाला. "गप राह्य," काकू म्हणाली.

दुसऱ्या सेटात चार-तीन असताना डावरी खुर्चीत बसली. पिशवीतून केळ काढलं, सोललं, दोन घास खाल्ले आणि उरलेलं टॉवेलवर ठेवलं. द्रौपदाबाई गुडघ्यांवर उठली.

"अर्धं ठेवलं! पाह्य, अर्धं ठेवलं! पोट हलकं ठेवून राहिली. आता पळते की नाही पाहा!"

आणि खरंच पळाली! नेटवर धावत जाऊन तिनं असे काही चेंडू टिपले की खिडकीतली माणसं एकमेकांच्या पाठी बडवायला लागली. सेट डावरीचा, सात-पाच. आता तिसरा, शेवटचा. बायकांनी पदर खोचले, झुलालनं विडी पेटवली आणि ओढायची विसरला.

तिसऱ्या सेटात मात्र डावरीचा गुडघा बोलायला लागला. मागं टाकलेल्या चेंडूला ती वळायची, पण पाय अर्ध्या वाटेत थांबायचा. वेणीवाली शहाणी, तिनं ते बरोबर हेरलं आणि चेंडू डोक्यावरून मागं, पुन्हा मागं, असं चालवलं. चार-तीन. आता दोन गेम, की वेणीवालीची मॅच. डावरी खुर्चीत बसली आणि तिनं केळ्याला हातही लावला नाही. टॉवेलात तोंड घालून बसली.

द्रौपदाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. दहा वर्षं तिनं ह्या बाईला पाहिलं होतं, अशी बसलेली कधी पाहिली नव्हती. छातीत धडधड सुरू झाली. आणि त्या धडधडीत अर्धी डावरी होती नि अर्धी ती स्वतः, संध्याकाळी दिवा लावून भिंतीसमोर बसलेली. तिला दोन्ही हरणं एकदम दिसायला लागली.

पुढचा गेमही वेणीवालीनं घेतला, पाच-तीन. आता तिचीच सर्व्हिस. पंधरा. तीस. मग डावरीचा एक. मग चाळीस-पंधरा. दोन मॅच पॉइंट! पायऱ्यांवरच्या बायका लिलाकडं वळून हसायला लागल्या होत्या, एकीनं तर "पेढे काढ व!" म्हणूनही टाकलं. द्रौपदाबाईनं डोळे मिटले.

सर्व्हिस झाली. चेंडू परत गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. मग वेणीवालीनं तो उंच मागं टाकला असावा, कारण सगळ्यांनी एकदम श्वास ओढला. आणि त्या शांततेत दाराशी एक आवाज फुटला.

"पळ माय, पळ! उचल! उचल!"

द्रौपदाबाईनं डोळे उघडले. डावरी पाठमोरी धावत होती, पट्टा लावलेला पाय ओढत. आणि तिनं पाठमोऱ्यानंच चेंडू असा फेकला की तो वेणीवालीच्या डोक्यावरून जाऊन रेषेवर पडला. पांढरी धूळ उडाली. घरात आरोळी उठली. पण द्रौपदाबाईनं वळून मागं पाहिलं. आवाज लिलाचा होता.

"वहिनी!" झुलाल ओरडला. "बाजू चुकली तुमची!"

लिलाला ऐकूच गेलं नाही. ती माणसांच्या अंगावरून पाय टाकत पुढं आली, टीव्हीसमोर बसली, मुठी आवळल्या. दुसरा मॅच पॉइंटही डावरीनं वाचवला. मग गेम घेतला. पाच-चार. पाच-पाच. सहा-सहा. प्रत्येक चेंडूला लिला "उचल माय!" म्हणायची आणि प्रत्येक वेळी सगळं घर तिच्यामागून म्हणायचं; ज्या बायका वेणीवालीच्या होत्या त्याही. धुळं कोणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं, लिलाच्या तर मुळीच नाही. सात-सात. आठ-सात. डावरीची सर्व्हिस, चाळीस-तीस.

वेणीवालीचा चेंडू नेटला लागला, नेटवर थबकला, आणि तिच्याच बाजूला पडला.

काय गोंधळ झाला म्हणता! झुलाल पाट उचलून नाचला. पायऱ्यांवर कोणाची तरी चप्पल उडाली ती थेट अंगणात. द्रौपदाबाई, साठीची, गुडघेदुखीची द्रौपदाबाई, टुणकन उठली आणि तिनं लिलाला गच्च मिठी मारली. डावरी गवतावर गुडघे टेकून रडत होती, इकडं ह्या दोघी रडत होत्या. एवढा आनंद द्रौपदाबाईला बागेनं कधी दिला नव्हता.

मिठी सुटली तेव्हा तिनं सुनेचं तोंड दोन्ही हातांत धरून पाहिलं. लिला हसत होती. डोळे पुसत होती आणि हसत होती, खोटं काही नव्हतं.

"काय व," द्रौपदाबाई म्हणाली, "तुले धुळ्याले जायचं होतं ना?"

लिला एकदम थांबली. जणू आत्ता आठवलं. हसू तोंडावरच राहिलं, पण डोळ्यांतून उतरलं.

"जानं व्हतं ना, आत्याबाई," ती हळू म्हणाली. "पन तिले आशी हारताना माले दखावनं नही."

एवढंच. कपाळावरचे केस मागं सारून ती उठली आणि सगळ्यांसाठी चहा टाकायला आत निघाली.

द्रौपदाबाई उभीच राहिली. ती जिंकली होती. डावरी तिची, सून तिची, संध्याकाळचा दिवा तिचा. आणि सारं तिला अशा पोरीनं जिंकून दिलं होतं जी स्वतःच्या हरण्यासाठी गळा फाटेस्तोवर ओरडली होती. तिला स्वतःची लाज वाटली. अशी लाज की कान गरम झाले.

"लिला," तिनं हाक मारली. "चहा राहू दे. पेटी काढ. उद्या सकाळची धुळ्याची गाडी धर."



"काकू," झुलाल चाचरत म्हणाला, "पण डावरी जिंकली. तुमचा शब्द—"

"फिरवला!" द्रौपदाबाई कडाडली. "मोडला मी शब्द. चाळीस वर्षांत एकदा मोडला. जा, सांग साऱ्या सावद्याले, द्रौपदाबाई फिरली म्हणून!"

पायऱ्यांवरची एक म्हातारी पदरानं डोळे टिपायला लागली. लिला स्वयंपाकघराच्या दारात हातात दुधाचं पातेलं घेऊन उभी होती.

"आनि मंग पुढला साल?" तिनं विचारलं. "पुढला साल तुम्ही म्याच कोनासंगे दखशात?"

"तुह्यासंगं. धुळ्याले येऊन," द्रौपदाबाई म्हणाली. "पगार झाला की मोठा टीव्ही घेजो, मले चेंडू दिसला पाहिजे. अन् एक आत्ताच सांगून ठेवते, पुढल्या वर्सी मी वेणीवालीकडून बसीन."