गांबियाची गोटी

शेजारचा लामिन जेवायला येणार असला की माझी बायको मृणाल भरली वांगी करते. मी मागितली की हिला हॉस्पिटलमधून यायला उशीर होतो!

त्या रविवारी त्याने त्याच्या देशाची, गांबियाची, गोष्ट लावली. स्वातंत्र्यानंतर जवळजवळ तीस वर्षं एकच नेता. मग लष्करी बंड, आणि बंडवाला बावीस वर्षं खुर्चीत. मतपत्रिका नव्हत्याच, आपल्या उमेदवाराच्या पिंपात गोटी टाकायची, आत घंटी वाजायची. शेवटी बंडवाला हरला. टीव्हीवर हार मानली आणि आठवड्याने म्हणाला, निकाल मान्य नाही. शेजारच्या देशांनी सैन्य पाठवलं, तेव्हा कुठे तो विमानात बसला.

मृणाल हातातला घास हातातच ठेवून ऐकत होती. मी ऑफिसचं काही सांगायला लागलो की ही फोन काढते.

तो गेल्यावर तिने स्टीलचे दोन डबे मांडले. माझ्या नव्या जॉबसाठी ब्रॅकनेलला जायचं, की इथेच साउथहॅम्प्टनला राहायचं? माझं ठरलेलं होतं. लामिनपासून लांब, एवढं कारण मला पुरे होतं. तिने गोटी टाकली, मुलीने टाकली, मी टाकली. दोन विरुद्ध एक. "ओके, फाइन," मी म्हणालो.

पुढचा आठवडाभर कुंपणापाशी त्या दोघांचं हसणं ऐकलं. रविवारी मी सांगून टाकलं, "मला ते व्होटिंग मान्य नाही."

मृणालने खिडकीतून कुंपणापलीकडे पाहिलं.

"मग शेजाऱ्यांना बोलावू?"