सॅटिनला लागलेली जाड सुई

मित्रांनो, कपाटाशेजारी चादरीखाली झाकलेले जे जुने शिलाई मशीन दिसते, ते मीच. आता माझ्यावर इस्त्रीचे कपडे रचून ठेवतात. मी मुकाट्याने ठेवू देते.

एके काळी माझा तोरा काही और होता. सॅटिन, शिफॉन ही कापडे म्हणजे नाठाळ पोरे, जरा नजर हटली की निसटलीच. माझी मालकीण, मावशी, त्यांना बरोबर वठणीवर आणायची. कापड घसरू नये म्हणून टेबलावर आधी सुती चादर अंथरायची. मग खाली पातळ कागद लावून कच्चे टाके घालायची, कागदासकट शिवायची आणि कागद हलकेच फाडून काढायची. सुई मात्र नवी आणि बारीकच हवी. "ओढू नकोस गं, त्याला जाऊ दे," असे ती घरातल्या आपल्या भाचीला शिकवायची. लोक शिवणीचे कौतुक करत, आणि मी आपले उगाच फुशारून जाई.

भाचीला मावशीनेच वाढवले. तिची आई गेली तेव्हा मागे सॅटिनचा एक तुकडा राहिला होता, जेमतेम एका झग्यापुरता. लग्नात भाचीच्या अंगावर तोच झगा असावा, एवढी एकच मावशीची इच्छा होती.

पण लग्न ठरेपर्यंत मावशीची नजर अधू झाली. तिने बारीक सुई बसवली, दोऱ्याचे टोक ओले केले, डोळे बारीक केले. दोरा काही ओवला जाईना. भाची शेजारच्याच खोलीत होती, पण हाक मारायला मावशीचे मन धजेना. शेवटी तिने पडद्यांसाठीची जाड सुई लावली. तिच्या मोठ्या नेढ्यातून दोरा लगेच गेला.

मला कळत होते, पण मला आपणहून थांबता येत नाही. टाक्यागणिक मी त्या कापडाला भोके पाडत गेले, धागे ओढत गेले.

भाची आली तेव्हा मावशी शिवण उसवत होती. टाके निघाले, भोके तशीच राहिली. आत दाबून घ्यायला कापडही उरले नव्हते.

"मावशी, मला हाक का नाही मारलीस?"

"तुला सुई ओवायला मीच शिकवलं ना गं," मावशी म्हणाली. "मग मला दिसत नाही, हे तुलाच कसं सांगू?"

भाचीने तिला जवळ घेतले. लग्नात तिने विकतचा झगा घातला. मावशी पुन्हा माझ्यापाशी बसली नाही, आणि आता बसणारही नाही.

मित्रांनो, मला तेलपाणी करा असे मी म्हणणार नाही, माझे दिवस संपले. पण घरात कोणी सुई हातात धरून बराच वेळ बसलेले दिसले, तर हाकेची वाट पाहू नका. ती हाक येत नाही.