शनिवारच्या मैदानावरची साखळी

मी साखळी बोलतेय. गळ्यातली नव्हे, दाराचीही नव्हे. माझ्या दोन्ही टोकांना माणसाच्या उंचीचे नारिंगी दांडे आहेत आणि त्यांच्यामधलं माझं अंग दहा यार्ड लांब आहे. आमच्याकडच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन पळतात, नाहीतर फेकतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलात, तर आणखी चार प्रयत्न मिळतात. नाही सरकलात, तर चेंडू समोरच्यांचा. दहा पुरे झाले की नाही याची शंका आली की पंच मला मैदानात बोलावतात. मग मला ताणून धरतात आणि सगळं गाव श्वास रोखून माझ्याकडे बघतं.

माझं गाव ओहायो नदीच्या काठचं, हार्लन्स फेरी. एकतीस वर्षांपूर्वी मी इथल्या शाळेत आले. तेव्हापासून माझा पुढचा दांडा एकाच माणसाने धरलाय, वॉल्ट हुडाकने. पूर्वी तो नळ्यांच्या कारखान्यात होता. एकदा एक धिप्पाड खेळाडू घसरत येऊन माझ्यावर आदळला आणि माझी कडी तुटली, तेव्हा वॉल्टनेच ती सांधली. सामना नसला की मी त्याच्या गॅरेजमध्ये खुंटीला असते. मागचा दांडा लेस्टर बॉग्जचा. लेस्टर बोलका, वॉल्ट अबोल.

मैदानावर मात्र दोघांनीही गप्पच राहायचं, असा नियम आहे. साखळीवाले गावचेच असतात, पण सामना सुरू झाला की ते कुणाचेच नसतात. टाळी वाजवायची नाही, हळहळायचं नाही, खेळाडूशी बोलायचं नाही. खेळाडूंच्या बाकाजवळ उभं राहून सगळं ऐकायचं आणि काहीच ऐकलं नाही असा चेहरा ठेवायचा. वॉल्टला या नियमाचा अभिमान होता. मलाही होता. आता नाही.

मागच्या वर्षीपर्यंत आमची शाळा ओळीने तेवीस सामने हरली होती. आजूबाजूच्या सगळ्या शाळा शुक्रवारी संध्याकाळी खेळतात, पण आमच्या मैदानावर दिवे नाहीत, म्हणून आम्ही शनिवारी दुपारी. लोक म्हणायचे, हरायलासुद्धा आपण एक दिवस उशिरा जातो.

आणि मग ऑगी पावलिक आला. वय वर्षं पंधरा. त्याची आई रेनाटा वृद्धाश्रमात परिचारिका म्हणून लागली, त्यासाठी दोघं या गावात राहायला आली. ऑगी क्वार्टरबॅक होता. म्हणजे प्रत्येक डावात चेंडू आधी ज्याच्या हातात येतो आणि त्याचं काय करायचं हे दोन-तीन सेकंदांत ज्याला ठरवावं लागतं, तो. समोरची सगळी टोळी त्याच्याच अंगावर धावत असते.

त्याचा पहिला सराव बघून मंडळी वॉल्टच्या गॅरेजमध्ये जमली. हातात कॉफीचे कप, रेडिओ बारीक केलेला.

"चेंडू फेकत नाही रे हा, टपाल टाकतो! बरोबर पत्त्यावर!" लेस्टर म्हणाला. "माझी बायको बशी फेकते, तीसुद्धा इतकी नेमकी लागत नाही."

"तुला लागते की नाही ते तुझ्या कपाळावर दिसतंय," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

"ह्या पोराने टीम फिरवली म्हणून समजा. रूडीने नव्हती का फिरवली? पहिलंच वर्ष होतं त्याचंही."

रूडी केस्लरचं नाव निघालं की या गावात पुरुष टोप्या सरळ करतात. बावीस वर्षांपूर्वी त्याने हरणाऱ्या संघाला एका मोसमात जिल्ह्यात पहिलं आणलं होतं. तोच रूडी आता किराणा दुकानात लोकांचं सामान पिशव्यांत भरतो. दुकानाच्या आतही काळा चष्मा लावतो, कारण उजेड त्याच्या डोक्यात खुपतो. कधी कधी एकच पाव दोनदा भरतो. लोक त्याची पाठ थोपटतात, "काय जिंकवलं होतंस रूडी!" म्हणतात आणि पिशवी उचलून निघून जातात. त्या मोसमात डोक्याला मार बसला की बाकावर बसून तो कसा ओकायचा, हे वॉल्टने दांडा धरून पाहिलं होतं. नियमाप्रमाणे तो गप्प राहिला होता.

"ऑगीच्या पुढे उभी राहून त्याला वाचवणारी पाच पोरं बघितलीत का?" वॉल्ट त्या दिवशी म्हणाला. "वारा सुटला तरी पडतील. त्यांना तयार व्हायला दोन वर्षं लागतील."

"दोन वर्षं? मी पंचाहत्तरचा होईन!" एक जण म्हणाला.

"तू म्हातारा झालास, वॉल्ट."

मला बोलता आलं असतं तर मी तेव्हाच ओरडले असते. हरण्याचा कंटाळा आला होता साठी-सत्तरीतल्या माणसांना, आणि ओझं द्यायचं होतं पंधरा वर्षांच्या खांद्यांवर. पाच पोरांना बळकट करायचं काम कंटाळवाणं आहे. त्याला हिवाळाभर व्यायामशाळेत राबावं लागतं आणि त्यावर कुणी वर्तमानपत्रात लिहीत नाही. एक चमत्कारी हात सापडला की ते सगळं टळतं, असं या वडीलधाऱ्यांना वाटतं.

तसं खोटं कशाला बोलू? ऑगी आला आणि आम्ही जिंकायला लागलो. पहिला सामना थोडक्यात गेला, पण पुढच्या आठांतले सहा जिंकलो. मी इतक्या वेळा पुढे सरकले की लेस्टरचे गुडघे दुखायला लागले. चर्चच्या तळघरात पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेले उकडलेले कानवले, करणाऱ्या बायकांनी ऑगीला घरी न्यायला डबे भरून दिले. न्हाव्याने दुकानाच्या काचेवर त्याच्या जर्सीचा आकडा रंगवला. नवखा क्वार्टरबॅक हरणारा संघ पटकन फिरवू शकतो का, असं कुणी विचारलं, तर मी म्हणेन, गुणफलक फिरवू शकतो. संघ तसाच होता. पुढची पाच पोरं तशीच पडत होती, आणि ती पडली की ऑगी पडत होता. एका सामन्यात मी त्याला अकरा वेळा जमिनीवर आदळताना मोजलं. फेकलेले चेंडू सगळ्यांनी मोजले. आदळणं मोजणारी मी एकटीच.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी बेल्डनशी गाठ होती. जिंकलो तर बावीस वर्षांनी बाद फेरी. गाव लोटलं होतं. शाळेची प्रथमोपचारवाली बाई मात्र मुलींच्या धावण्याच्या शर्यतीसाठी परगावी गेली होती आणि ऑगीच्या आईची वृद्धाश्रमात कामाची पाळी होती.

तिसऱ्या सत्रात बेल्डनचे दोन गडी एकदम ऑगीवर कोसळले. त्याचं डोकं मागे जमिनीवर आपटलं. तो आवाज मला माझ्या कड्यांत जाणवला. तो उठला, दोन पावलं बेल्डनच्या बाकाकडे गेला, मग कुणीतरी त्याला वळवलं.

कोच स्टेगरने त्याला आमच्या शेजारीच बसवलं. "ठीक आहेस ना, बाळा? सांग बघू, आज वार कोणता?"

"शुक्रवार," ऑगी म्हणाला.

स्टेगर हसला. "ऐकलंत का? सामना म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात शुक्रवारच येतो. माझ्यासुद्धा येतो." आजूबाजूचे हसले. शनिवारी खेळणाऱ्या शाळेतली ही जुनीच थट्टा. दुसऱ्या कुठल्याही गावात ते उत्तर चुकीचं ठरून पोरगा बाहेर बसला असता. आमच्याकडे तो विनोद ठरला आणि ऑगी परत मैदानात गेला.

लेस्टरही हसला. वॉल्टच्या मुठीखाली माझा दांडा ओला झाला होता.

शेवटची दीड मिनिटं राहिली. बेल्डन एकवीस, आम्ही सतरा. चौथा प्रयत्न. ऑगी स्वतः चेंडू घेऊन गर्दीत घुसला आणि ढिगाखाली दिसेनासा झाला. पंचांनी मला बोलावलं.

वॉल्ट आणि लेस्टर मला घेऊन धावले. मला ताणलं. चेंडूचं टोक वॉल्टच्या दांड्याच्या पुढे गेलं होतं, बोटभर. पंचांनी हात पुढे केला, म्हणजे दहा पुरे, आणि सगळी बाकं उभी राहिली. गोलरेषा आता फक्त बारा यार्डांवर होती. चार प्रयत्न हातात होते आणि समोरचे दमले होते. खरं सांगते, आम्ही जिंकलो असतो.

तेवढ्यात ऑगी वॉल्टजवळ आला. हेल्मेटच्या जाळीतून त्याचे डोळे दिसत होते. एक बाहुली मोठी, एक लहान. तो अगदी सभ्यपणे, शाळेत वाट विचारावी तसा म्हणाला, "मिस्टर हुडाक, आपली बाजू कुठली? आपल्याला कुठे जायचंय?"

एवढ्या गोंगाटात ते फक्त वॉल्टला ऐकू आलं. आणि मला.

वॉल्ट थिजला. मागून लेस्टर दबक्या आवाजात म्हणाला, "चल ना, वॉल्ट. काय झालं?"

वॉल्टने दांडा सोडला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी मैदानाच्या मधोमध गवतावर पडले. त्याने ऑगीचा दंड धरला आणि पंचांना हाक मारली. "ह्याला बाहेर काढा. पोराला आपण कुठे आहोत ते कळत नाहीये."

"वॉल्ट!" स्टेगर कडेवरून किंचाळला. "तू साखळी धर! साखळी!"

पंचांनी ऑगीच्या डोळ्यांत पाहिलं, त्याला दोन प्रश्न विचारले आणि बाहेर जायची खूण केली. तसा नियमच आहे. त्याच्या जागी आलेल्या पोराने दुसऱ्याच प्रयत्नात चेंडू बेल्डनच्या हातात फेकला. आम्ही हरलो.

रेनाटा कामाच्या कपड्यांतच धावत आली, तेव्हा ऑगी बाकावर वाकून ओकत होता. वॉल्टने तिला सगळं सांगितलं. ती स्टेगरसमोर जाऊन उभी राहिली. "शुक्रवार म्हणाला ना तो? आणि तुम्ही हसलात?" ती मग लेस्टरकडे वळली. "तुम्हीही हसलात?"

डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूला मार बसलाय. त्यावर आणखी एक बसला असता तर काय झालं असतं, ते त्यांनी रेनाटाला दार लावून सांगितलं. ऑगी महिनाभर अंधाऱ्या खोलीत पडून होता.

गावाला मात्र बारा यार्ड दिसत होते. म्हातारा सामन्याच्या मधे पडला, त्याने नियम मोडला, पोरगा तर चालत होता की! वॉल्टच्या गॅरेजच्या दारावर कुणीतरी अंडी फोडली. नोव्हेंबरात लेस्टर आला आणि उंबऱ्यातच उभा राहिला.

"वॉल्ट, कोच म्हणतोय, तू आता आराम कर. पुढच्या मोसमात दुसरं कुणी..."

"आणि तू काय म्हणतोस?"

लेस्टर मग म्हणाला, "गुडघे दुखतात रे माझे," आणि गेला.

मी खुंटीवरच राहिले. मला कुणी न्यायलाही आलं नाही. थेट एप्रिलात दार वाजलं. ऑगी होता. उंच झाला होता, टोपी कपाळावर ओढलेली.

"कोचनी साखळी मागितलीय," तो तुटकपणे म्हणाला.

"घेऊन जा."

त्याने मला काढलं, पण निघाला नाही. "मला त्या दिवसाचं काही आठवत नाही. सगळे म्हणतात, जिंकलो असतो. खरं का?"

"बहुतेक जिंकलो असतो," वॉल्ट म्हणाला.

"मग कशाला पडलात मधे? तुम्हाला कुणी सांगितलं होतं? माझा सामना होता तो! सगळ्या मोसमात मी मार खाल्ला आणि शेवटी तुम्ही..." मला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी मीही असंच बोलले असते.

वॉल्टने त्याला ओरडू दिलं. मग म्हणाला, "तू मला विचारलंस, आपली बाजू कुठली."

"मी?"

"हो. आपल्याला कुठे जायचंय, म्हणालास."

ऑगी पिंपावर बसला. मी त्याच्या मांडीवर होते. हे त्याला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. पंचांनी अहवालात "अस्वस्थ" एवढंच लिहिलं होतं.

"तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

"तुझ्या आईला सांगितलं. ती म्हणाली, त्याला झेपेल तेव्हा सांगू. गावाला कशाला सांगायचं? तुला चिडवलं असतं त्यांनी."

शेवटी ऑगी उठला. "डॉक्टर म्हणतात, ऑगस्टमध्ये कदाचित खेळता येईल. तुम्ही असाल का तिथे?"

"मला काढलंय, बाळा."

ऑगीने मला परत खुंटीला टांगलं. "मग मीही उतरत नाही. जाऊन सांगतो त्यांना. तो एवढा लाडका हात हवाय ना त्यांना? मग कडेला बोलणारा माणूस ठेवा. आणि पुढच्या पाच पोरांना आधी उभं करा."

त्याने खरंच जाऊन सांगितलं. स्टेगर चिडला. गॅरेजात येणारे म्हणाले, आजकालच्या पोरांना मोठ्यांचा मान नाही. मे गेला, जून गेला. पण जूनपासून रोज सकाळी मैदानाच्या बाजूने लोखंडी वजनांचा आवाज यायला लागला. ती पाच पोरं राबत होती. ऑगी नुसता कुणी किती वेळा वजन उचललं ते मोजत बसायचा, असं वॉल्ट रेनाटाला सांगत होता. काल स्टेगर आला. टोपी हातात. "शनिवारी दोन वाजता सराव सामना आहे, वॉल्ट," एवढंच म्हणाला आणि वळला. वॉल्टने माझ्या कड्यांना तेल द्यायला डबा खाली काढला.

यंदा आम्ही किती सामने जिंकू, मला माहीत नाही. कदाचित तीन, कदाचित एकही नाही. तुमच्याकडेही कधीतरी असा एखादा पोरगा किंवा पोरगी येईल, आणि सगळे म्हणतील, हे पोरच आता आपल्याला वर काढणार. तेव्हा एवढं करा. मी आपली दहा यार्ड मोजणारी. पोराला किती झेपतं ते मला मोजता येत नाही. ते तुम्ही मोजा. आणि मोजलंत की गप्प राहू नका.