दुसऱ्यातून तिसऱ्यात

मसुराच्या दाण्याएवढा पितळेचा तुकडा, तेलाने निसरडा झालेला, तिच्या तळहातावर होता आणि त्याच्या मधोमध एक छिद्र होतं — इतकं बारीक, की गॅरेजच्या मेस्त्रींनी सांगितल्यावरच तिला ते दिसलं. चिमटीत धरून तिने तो तुकडा खिडकीसमोर नेला तेव्हा त्यातून उजेडाचा एक कण चमकला आणि हात जरासा हलताच विझला.

"हा कारखान्यातला नाही," मेस्त्री म्हणाले. "कुणीतरी हाताने बसवलाय. आधी कुणी उघडला होता हा गिअरबॉक्स?"

कुणी उघडला होता ते तिला पुरतं माहीत होतं.

सकाळी घरून निघताना काम साधं होतं. तिच्या ट्रकचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आठवडाभर घसरत होता, चढावर इंजिन नुसतं ओरडायचं आणि चाकांना पत्ताच नसायचा. तो उतरवून मेस्त्रींनी फोनवर दोन वाटा सांगितल्या होत्या. हाच नव्याने बांधायचा, त्याला तीन आठवडे. नाहीतर अपघातात मोडलेल्या एका ट्रकचा, फारसा न चाललेला, तयार पडून होता तो चढवायचा, त्याला दोन दिवस. त्या दुसऱ्यावर आणखी एका गिऱ्हाइकाचा डोळा होता, तेव्हा काय ते उद्या सकाळपर्यंत सांगायचं. नवऱ्याने तर काच कापता कापता, मान वर न करता निकाल देऊन टाकला होता की बदलून टाक, त्या जुन्याच्या नादी लागू नकोस — आणि तीही हो म्हणूनच निघाली होती. फक्त एकदा बघून घ्यावं, इतकंच मनात होतं. एकोणीस वर्षं ज्याच्यावर बसले ते दिसतं तरी कसं...

ते असं दिसत होतं. लांब टेबलावर जुनी चादर अंथरून त्यावर एकेक भाग ओळीने मांडलेला. एका मोठ्या दातेरी कड्याच्या पोटात तीन लहान चाकं आणि त्या तिघांच्या मधोमध आणखी एक, सगळी एकमेकांत अडकलेली आणि तरीही बोट लावलं की सगळी सुळकन फिरणारी. आणि पलीकडे, तिला नजर काढवेना अशी, धातूची जाड पाटी — तिच्यात कोरलेल्या वाटा, वळणाऱ्या, फुटणाऱ्या, पुन्हा एकमेकींना येऊन मिळणाऱ्या, वाळवीने आतून पोखरलेल्या लाकडासारख्या, पण वाळवीला नसलेला काहीतरी हेतू असलेल्या. मेस्त्री सांगत होते की एवढ्या जुन्या गाडीत कसली इलेक्ट्रॉनिक भानगड नाही, जे काही ठरतं ते या वाटांमध्ये ठरतं. वेग वाढला की तेलाचा दाब वाढतो, दाब वाढला की एक झडप सरकते, झडप सरकली की तेलाला नवी वाट मिळते आणि ते जाऊन चकत्यांचा एक गठ्ठा घट्ट दाबून धरतं. झाला गिअर बदलून.

"पण मग ठरवतं कोण?" तिने विचारलं, आणि विचारताना आपण शाळकरी पोरीसारखं विचारतोय हे तिला कळलं.

"तेल," मेस्त्री म्हणाले. थट्टा नव्हती त्यात.

तेल! म्हणजे ती सिग्नलला थांबायची, वाटेत कुणावर तरी चरफडायची, खिडकीतून बांधकामाचा पत्ता विचारायची, आणि तिच्या बुडाखाली दोन हातांवर हे सगळं चाललेलं असायचं — कुणीतरी दाबत होतं, कुणीतरी वाट सोडत होतं, कुणीतरी थांबून राहत होतं — आणि तिला त्यातलं ऐकू यायचं ते फक्त एक हलकं हुं. देवाशपथ, मी कधी एकदा वाकून बघितलंसुद्धा नाही. बाविसाव्या वर्षी जिन्यावरून पडून तिचा डावा गुडघा ताठला तो ताठलाच. क्लच दाबायचा म्हणजे पाय दुमडायला हवा, आणि तो दुमडत नाही म्हटल्यावर गाडी चालवणं आपल्याला नाही, असं तिने मनाशी मिटवून टाकलं होतं. मग नवऱ्याने कुठल्याशा लिलावातून हा ट्रक आणला, त्याला डाव्या पायाचं कामच नव्हतं. नवरा दुकानात काच कापायचा आणि ती मागच्या तिरक्या चौकटीवर तावदानं बांधून जिथली तिथे पोचवायची. उजवा पाय, दोन हात आणि खाली हा. हा बिनबोलाचा.

"त्याने काय केलंय ते कळतंय का तुम्हाला?" मेस्त्रींनी तिच्या हातातला तुकडा घेतला आणि पाटीतल्या एका भोकावर धरला. हे भोक मुळात चांगलं मोठं होतं. दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना तेल इथून धावतं. त्या माणसाने ते बुजवून त्यात ही पितळेची खुंटी बसवली आणि खुंटीला केसाएवढं भोक पाडलं. आता तेल धावणार नाही, झिरपत जाणार. म्हणजे गिअर धाडकन पडणार नाही, एक क्षण थांबून अलगद पडणार. "पण यात एक गोम आहे. अलगद पडायचं म्हणजे चकत्या एकमेकींवर घासत राहणार आणि वर्षा-दोन वर्षांत जळणार. म्हणून त्याने गठ्ठ्यात एक चकती जास्तीची घातलीय, भार वाटून घ्यायला. तिला जागा कुठून आणली? बाकीच्या पोलादी चकत्या एकेक करून घासून पातळ केल्या. हाताने. मी चाळीस वर्षं हेच करतोय, ताई, आणि मला हे सुचलं नसतं. का केलं असेल एवढं?"

काचेसाठी, तिच्या मनात लख्ख उमटलं. तोंडातून मात्र निघालं ते इतकंच, की धाकट्या दिराने उघडला होता, अकरा वर्षं झाली.

अकरा वर्षांपूर्वी गिअरबॉक्स पहिल्यांदा बिघडला तेव्हा भावजींनी तो घराच्या मागच्या खोलीत उघडला होता. चाळीस दिवस! त्या चाळीस दिवसांत भाड्याच्या गाड्या लावून माल पोचवावा लागला, त्यांत तीन मोठी तावदानं तडकली आणि तिचं डोकं कायम तापलेलं असायचं. आणि रोज संध्याकाळी त्या खोलीतून तो आवाज — खर्र, खर्र, खर्र, तासन् तास, दातांत शिरणारा. एकदा तिने दार ढकललं तर भावजी जमिनीवर बसलेले, समोर दुकानातली जाड काच आडवी टाकलेली, तिच्यावर कडा घासायची पूड आणि पाणी, आणि त्या चिखलात ते एक पोलादी कडं दोन्ही हातांनी गोल गोल फिरवतायत, डोळे जवळजवळ मिटून. तिने काय पाहिलं? तिने पाहिलं, की चांगली काच ओरखडे पाडून वाया घालवली. आणि तसं ती बोललीही. त्यांनी मान वर करून म्हटलं होतं, काचेइतकं सपाट घरात दुसरं काही नाही, वहिनी. तिला ते उद्धट वाटलं होतं.

ट्रक चालू झाला त्या दिवशी ती पहिली फेरी करून आली. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना गाडी क्षणभर थांबत होती... एखाद्याने बोलता बोलता आवंढा गिळावा तशी. पूर्वी असं नव्हतं. रात्री सगळे जेवायला बसलेले असताना ती म्हणाली, "भावजी, येत नव्हतं तर तसं सांगायचं. चाळीस दिवस घालवून गाडी अडखळती करून ठेवलीत." नवरा हसला होता. भावजी ताटातलं संपवून उठले आणि हात धुता धुता म्हणाले, सवय होईल. दोन महिन्यांनी त्यांनी एका मालवाहू जहाजाच्या इंजिनघरात नोकरी धरली. त्या बोलण्यामुळे गेले असं कुणी म्हणालं नाही, तीही म्हणाली नाही. माणसं नोकरीसाठी जातातच. वर्षा-दोन वर्षांतून येतात, चार दिवस राहतात, गाडीकडे फिरकत नाहीत.

आणि अकरा वर्षांत वाटेत एक तावदान फुटलं नाही. खडबडीत रस्ते, चढ, माणसाहून उंच आरसे, पण एक नाही. बांधकामावरचे लोक म्हणायचे, बाईचा पाय लोण्याचा आहे. ती वरवर उडवून लावायची, पण आत कुठेतरी ते रोज थोडं थोडं साठवून ठेवलं होतं तिने. दुसरा पाय तसा आहे म्हटल्यावर या पायाचं कौतुक कुणाला नको असेल? ते कौतुक आता टेबलावर पडलं होतं, पितळेचं, बोटभर सुद्धा नाही. लाज वाटायला हवी होती. वाटलीही असेल. पण त्याच्याही वर काहीतरी येत होतं, छातीत हवा जास्त झाल्यासारखं — की एक माणूस जमिनीवर बसून, शिव्या खात, पुढच्या अकरा वर्षांतला माझा एकेक खड्डा आधीच कसा काय मोजू शकतो...

गॅरेजबाहेरच्या बाकावर बसून तिने फोन लावला. लागेल असं वाटलं नव्हतं. जहाज बंदरात असावं.

"वहिनी? सगळं ठीक ना?"

ठीक आहे, ती म्हणाली, आणि गिअरबॉक्स उतरवल्याचं, मेस्त्रींनी तो उघडल्याचं सांगितलं. पलीकडे एकसारखी घरघर चालू होती.

"खुंटी अजून जागेवर आहे?" भावजींनी विचारलं.

"आहे."

"मग काच? कधी फुटली का?"

"नाही. एकही नाही."

मग ते म्हणाले, बरं झालं. त्या 'बरं झालं'मध्ये दुसरं काहीच नव्हतं — ना 'तुम्ही तेव्हा बोललात', ना 'मी सांगायला हवं होतं'. तिने काही म्हणायच्या आत तेच पुढे बोलू लागले, घाईने, जणू हे बोलणं अकरा वर्षं ओठांशीच होतं.

"मेस्त्रींना सांगा, चौथी चकती बघा. त्या दिवशी हात थकले होते, ती नीट सपाट झाली नाही. एका बाजूला जरा जाड आहे. मला तेव्हाच कळलं होतं, पण तुमची घाई चालली होती म्हणून तशीच घातली. मला वाटायचं, तीच आधी जाणार."

"आम्ही हा बांधून घेऊ, की दुसरा टाकू?"

"ते मी इथून काय सांगू," ते म्हणाले. "दुसरा चांगला असेल तर टाका. चालवायचं तुम्हाला आहे, वहिनी."

आत येऊन तिने निरोप दिला. मेस्त्रींनी चौथी चकती उचलली, पुसली, जाडी मोजायच्या मापकाच्या तोंडात धरून हळूहळू फिरवली आणि एका जागी थांबले. मग चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. एका बाजूला जाड होती. किती, ते बोटांना कळणार नाही, डोळ्यांना तर नाहीच. आणि जळाली होती तीच, शेजारच्या दोन घेऊन. बाकी सगळ्या शाबूत.

मग मेस्त्रींनी नीट समजावून सांगितलं, की पुन्हा बांधला तर खुंटी तीच ठेवता येईल, पण चकत्यांचा गठ्ठा ज्यात बसतो तो मोठा पिंप झिजलाय, तो किती चालेल याची हमी ते देणार नाहीत. दुसऱ्याची देतील. दुसरा मात्र कारखान्यात ठरवलाय तसा चालेल, तिच्या काचेची त्याला काही कल्पना नसणार. त्याच्यातही अशी खुंटी बसवावी तर तिचं माप, चकत्यांचं माप, सगळं त्या माणसाला विचारून करावं लागेल, आणि तरी तसंच होईल असं नाही. तिने विचारलं, तुम्ही काय कराल? मेस्त्री म्हणाले, मालक म्हणून दुसरा टाकेन. कारागीर म्हणून मला विचारू नका. उद्या सकाळी सांगते, ती म्हणाली.

बाहेर पडली तेव्हा उन्हं उतरली होती. ताठ पाय थोडा बाहेरून फिरवत, नेहमीच्या चालीने ती कोपऱ्यापर्यंत आली आणि रस्ता ओलांडायचा म्हणून थांबली. सिग्नल सुटला. पुढची बस हलली, तिच्यामागून एक दुधाची गाडी, मग दोन टेम्पो, आणि चढ लागताच गिअर बदलताना एकेकाचा आवाज खाली उतरून पुन्हा वर जायला लागला. बसचा लांब, दुधाच्या गाडीचा तुटक, टेम्पोचा खाकरल्यासारखा. आयुष्यभर हा नुसता गोंगाट होता. या प्रत्येकाच्या पोटात कुणीतरी हात घालून गेलंय, तिला वाटलं, कुणी झटपट, कुणी मन लावून, आणि वर बसलेल्याला त्याचा पत्ता नाही... भावजींना फोन करून मी उद्या काय विचारणार आहे? माप विचारणार, की त्या रात्रीच्या माझ्या बोलण्याचं —

सिग्नल बदलला. समोरच्या बाजूची माणसं ओलांडून इकडे आली, तिला वळसा घालून पुढे गेली. ती तशीच उभी होती, मान किंचित कलती करून, आणि पुढची गाडी सुटण्याची वाट बघत होती.