टेकडीवरचा फोन

जळगाव जामोदहून सातपुड्याकडे वळलं की डॉ. सबीहाच्या मोबाइलची रेंज हळूहळू कमी होई आणि सोजराबाईच्या वाडीत पार जाई. तिच्या फिरत्या पशुदवाखान्याला पुढचा कॉल फोनवरच यायचा. म्हणून गाडीचा ड्रायव्हर मोतीराम फोन घेऊन शेजारच्या टेकडीवर जाऊन बसे. त्या दिवशीही तो चढला. सकाळपासून दोघांच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

गोठ्यात गाय अडली होती. वासराचा एक पाय बाहेर, दुसरा आत दुमडलेला. सबीहाने खांद्यापर्यंत हात घातला. गाय कळ देई तसा हात चेपून बधिर होई.

"जगते का वो बाई माही गाय?" सोजराबाईने विचारलं.

"बघू मावशी. शेपटी धरून ठेवा."

तेवढ्यात टेकडीवरून हाक आली. "मॅडम! पुढच्या गावच्या राबियाबीचा फोन! बकऱ्यायची पोटं फुगली! कवळा हरभरा खाल्ला! लवकर या म्हन्ते!"

हात अडकलेला. सबीहा तशीच ओरडली, "गोडेतेल पाजाले सांगा!"

"किती?"

"अर्धी वाटी! हळूहळू! ठसका लागू देऊ नका! पुढचे पाय उंच धरा म्हणावं!"

मोतीराम एकेक शब्द फोनमध्ये ओरडत राहिला. फोन दोनदा कटला, त्याने दोनदा लावला.

शेवटी पाय सरळ झाला, वासरू बाहेर आलं. सबीहाने त्याला गोणपाटाने खसाखसा चोळलं. ते हललं नाही.

"पोटातच गेलं होतं, मावशी."

सोजराबाई वासराकडे पाहत राहिली. थोड्या वेळाने गाय धडपडत उठली, तशी ती म्हणाली, "गाय तं उठली ना," आणि सबीहाच्या हातावर कोमट पाणी ओतू लागली.

राबियाबीच्या अंगणात एक बकरी पोत्याखाली झाकलेली होती. बाकीच्या उभ्या होत्या.

"तेलानं फरक पडला," राबियाबी म्हणाली. "पन तू लवकर आली असती तं..."

सबीहाने उभ्या बकऱ्यांची पोटं चाचपली. त्यांना औषध दिलं आणि ती गाडीत बसली. सडकेला लागताच ऑफिसातून फोन आला.

"मॅडम, ॲपवर दुपारभर तुमचं लोकेशन टेकडीवर दिसत होतं. गोठ्यातला फोटोही नाही. कारण टाका, नाहीतर भेट धरता येणार नाही."

"हात गाईच्या पोटात होता."

"तसं कारण यादीत नाही, मॅडम."

"मग यादीतलं 'इतर' टाका."

मोतीरामने गाडी लिंबाखाली घेतली. डबा उघडला. सबीहाचा उजवा हात तोंडापर्यंत जाईना. ते पाहून त्याने भाकरी कुस्करली, त्यावर वरण ओतलं आणि डब्यात चमचा ठेवला. तिने तो डाव्या हाताने उचलला.

फोन पुन्हा वाजला.

"उचलू?" मोतीरामने विचारलं.

"हा घास खाऊ द्या, मोतीरामभाऊ," ती म्हणाली. घास गिळून झाल्यावर तिने फोन कानाला लावला. "हॅलो, बोला. कोणतं गाव?"