तेरावं मिनिट

निरीक्षकांनी अर्ज तिसऱ्यांदा खिडकीतून आत सरकवला आणि रुमालाने तळहात पुसले. खिडकीमागच्या जवानाने एकेका ओळीवरून बोट फिरवलं. बोट मध्येच थांबलं.

"येण्याचं कारण. हे काय लिहिलंय?"

"अज्ञात वस्तूबद्दल माहिती देणे."

"असं कारण नाहीये आमच्याकडे. भेट, पुरवठा, दुरुस्ती. तीनच आहेत. तुमचं कुठलं?"

"यातलं कुठलंच नाही."

"मग आत कसं सोडू तुम्हाला?"

मागे उभ्या असलेल्या, वेधशाळेत त्यांचे आकडे उतरवून घेणाऱ्या नोंदबाई किंचित पुढे वाकल्या.

"काका, पुरवठा लिहा. माहितीचा पुरवठा."

"हां, ते चालेल," जवान म्हणाला. तो हसला नाही, म्हणजे त्याला ते खरंच चालणार होतं.

लष्कराच्या तळावर पोचायला त्यांना तीन दिवस लागले होते. पहिल्या दिवशी फोन या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. "मी वेधशाळेतून बोलतोय, आम्ही फुगे सोडतो," असं निरीक्षक दर वेळी सुरुवातीपासून सांगायचे. एकाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी, फुगे कुठल्या कार्यक्रमासाठी हवे आहेत, असं विचारलं. दुसऱ्या दिवशी लेखी पाठवा म्हणाले. लेखी पाठवलं, तर समक्ष या म्हणाले. घरी बायको म्हणाली होती, "चार महिने राहिलेत निवृत्तीला. दिसलं ते दिसलं, गप्प बसा की." गप्प बसणं निरीक्षकांना सगळ्यांत चांगलं जमायचं. पण या वेळी ते जमत नव्हतं.

प्रतीक्षा कक्षात लाकडी बाक होतं आणि थंड पाण्याचं यंत्र होतं. पेला नव्हता. निरीक्षकांनी मांडीवर कागदांची गुंडाळी धरली होती. थोड्या थोड्या वेळाने ते ती उलगडून पाहत आणि परत गुंडाळत.

"काका, आकडे बदलणार नाहीत आता," बाई म्हणाल्या.

"वेळ बरोबर टाकली आहे ना, एवढंच बघत होतो."

"पाच वेळा बघितलीत."

त्या गुंडाळीत दोघांचं त्या दिवसाचं काम होतं. रोज दुपारी तीन वाजता टेकडीवरच्या वेधशाळेतून वायू भरलेला फुगा सोडायचा. तो वाऱ्यावर कसा वाहत जातो, त्यावरून वरचा वारा कळतो. निरीक्षक दुर्बिणीला डोळा लावून फुग्याचा माग काढत. दर मिनिटाला घंटी वाजली की दोन कोन मोठ्याने सांगत, आणि शेजारी स्टुलावर बसलेल्या बाई ते कागदावर उतरवत. या कामाचे दोनच नियम होते. बघणाऱ्याने डोळा काढायचा नाही, कारण डोळा काढला की फुगा गेला. लिहिणाऱ्याने मान वर करायची नाही, कारण मान वर गेली की आकडा गेला. अकरा वर्षांपूर्वी बाई नव्या होत्या, तेव्हा पहिल्याच आठवड्यात निरीक्षकांनी त्यांना बजावलं होतं, "आकाशाकडे मी बघतो, तुम्ही कागदाकडे बघा." एरवी ते कोणाला काही बजावत नसत, म्हणून बाईंच्या ते लक्षात राहिलं होतं.

तीन दिवसांपूर्वी, बाराव्या मिनिटाला, फुग्याच्या मागून काहीतरी आलं होतं. दुर्बिणीचं अर्धं वर्तुळ त्याने भरून गेलं. निरीक्षकांनी फुग्याचा माग सोडला आणि त्या वस्तूचा धरला. हात आपोआप फिरत राहिले, तोंडून आकडे येत राहिले. चार मिनिटांनी ते ढगाआड गेलं, ते परत दिसलं नाही. फुगा मात्र सोळाव्या मिनिटाला पुन्हा सापडला, जिथे असायला हवा होता तिथेच.

आत बोलावणं आलं तेव्हा साडेदहा वाजून गेले होते.

अधिकारी तरुण होता, अदबीने वागणारा. त्याने स्वतः उठून खुर्ची ओढून दिली. निरीक्षकांना उगाच बरं वाटलं. त्याने निवेदन वाचलं, कोष्टक वाचलं, आणि कागद टेबलावर सपाट केला.

"काका, रागावू नका हं. तुम्ही रोज आकाशात फुगा सोडता. आणि तुम्ही मला सांगताय की आकाशात तुम्हाला काहीतरी दिसलं. मी वरच्यांना काय कळवू?"

"तो फुगा नव्हता."

"कशावरून?"

"फुगा वेगळा होता. तो कुठे होता ते मला माहीत होतं."

"चार मिनिटं तुम्ही त्या दुसऱ्या वस्तूकडे बघत होतात. बरोबर?"

"हो."

"म्हणजे फुग्याकडे बघत नव्हतात. मग फुगा कुठे होता हे कसं माहीत?"

निरीक्षकांनी तोंड उघडलं. उत्तर होतं. एकतीस वर्षांचं उत्तर होतं: वाऱ्याचा वेग, चढण्याचा वेग, सोळाव्या मिनिटाला फुगा जिथे सापडला ती जागा. पण ते एका वाक्यात मावत नव्हतं, आणि समोरच्या माणसाजवळ एकाच वाक्याइतका वेळ होता.

"हिशोबाने," ते म्हणाले. ते किती पोकळ वाटतंय हे त्यांनाही ऐकू आलं.

"आणि हे तेरावं मिनिट रिकामंच आहे."

"माझ्याकडून सांगायचं राहिलं असेल."

"असेल?"

"राहिलं."

शेजारी बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

अधिकाऱ्याने पेनाचं टोपण काढलं. "हे बघा, आमची पद्धत सांगतो. यंत्रातून बघणारा एक आणि नुसत्या डोळ्यांनी बघणारा एक, असे दोन जबाब असले तर कागद वर जातो. तज्ज्ञ बघतात, चौकशी होते. एकच असला तर इथेच बंद. शेरा 'फुगा'. आणि त्याची प्रत तुमच्या मुख्य कार्यालयाला."

"मुख्य कार्यालयाला कशाला?"

"नियम आहे."

मुख्य कार्यालय त्या प्रतीचं काय करील हे निरीक्षकांना पाठ होतं. तो फुगाच होता, तर चार मिनिटांचे आकडे चुकलेले. म्हणजे कोष्टकावर तांबड्या शाईत 'निरीक्षकाची चूक'. एकतीस वर्षांत तो शेरा त्यांच्या कुठल्याच कागदावर आला नव्हता. रोज संध्याकाळी घरी जाताना आज तो येईल अशी धाकधूक मात्र त्यांना असायची. आता शेवटच्या चार महिन्यांत तो येणार होता, आणि तोही ज्या एकमेव दिवशी त्यांना स्वतःबद्दल जराही शंका नव्हती, त्या दिवसाबद्दल.

"दुसरं कोणीच नव्हतं तिथे?" अधिकाऱ्याने विचारलं.

"टेकडीवर आम्ही दोघंच असतो. आणि या तर लिहीत..."

"मी बघितलं," बाई म्हणाल्या.

निरीक्षकांनी वळून पाहिलं. बाई त्यांच्याकडे पाहत नव्हत्या.

"नुसत्या डोळ्यांनी?"

"हो."

"मग इतका वेळ कशाला गप्प होतात?" अधिकारी हसला आणि त्याने कोरा कागद पुढे केला. "शेजारच्या खोलीत बसून लिहा. यांच्याशी बोलायचं नाही."

बाई दहा मिनिटांत परत आल्या. त्यांचं अक्षर नेहमीसारखंच होतं, मोती ओवल्यासारखं. अधिकाऱ्याने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. एका कागदावर एक बोट, दुसऱ्यावर दुसरं, असं करत तो खाली सरकत गेला.

"रंग दुधी. दोघांचं जुळतंय. आवाज नाही. जुळतंय. ढगाआड गेलं, बरोबर. आकार..." तो थांबला. "काका, तुम्ही लिहिलंय, वाटी सरळ ठेवल्यासारखा आकार, काळा काठ वर. यांनी लिहिलंय, पालथी वाटी, काळा काठ खाली."

"वरच होता," निरीक्षक म्हणाले.

"खाली होता," बाई म्हणाल्या.

अधिकाऱ्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि हात झटकला. "किरकोळ आहे. दोन माणसांनी बघितलं की एवढा फरक पडतोच. उलट शब्दाला शब्द जुळला असता तर मला संशय आला असता. मी पाठवतो वर."

सगळं झालं होतं. निरीक्षकांनी फक्त उठायचं होतं. पण ते उठले नाहीत. काठ वर होता. चार मिनिटं त्यांनी तो पाहिला होता. डोळे मिटले तरी तो वरच दिसत होता. आणि बाकीचं? रंग, आवाज, ढग, हे सगळं त्यांनीच त्या दिवशी बाईंना सांगितलं होतं, पुन्हा पुन्हा, बाईंना कंटाळा येईपर्यंत. आकाराचं काय बोललो होतो ते त्यांना आठवेना. तेवढंच सांगायचं राहिलं असणार आणि तेवढंच बाईंनी मनाने घातलं असणार. आपल्यासाठी या बाई खोट्या कागदावर सही करायला तयार झाल्या. यांना अजून अठरा वर्षं नोकरी करायची आहे.

"साहेब," ते म्हणाले, "यांचा जबाब घेऊ नका."

"का?"

"यांनी पाहिलेलं नाही. या मान खाली घालून लिहीत होत्या. आमच्या कामात लिहिणारा वर बघत नाही."

"काका, मी बघितलंय," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तेरावा आकडा तुम्ही सांगितला होता. मी लिहिला नाही, कारण मी वर..."

"तो माझ्याकडूनच राहिला. बाई, माझ्यापायी तुम्ही खोटं लिहू नका. मला ते नको आहे."

बाईंनी हात मांडीवर ठेवले, एकावर एक. शाळेत ओरडा खाल्ल्यावर बाकावरच्या मुली ठेवतात तसे.

"तुमचं काय म्हणणं आहे?" अधिकाऱ्याने त्यांना विचारलं.

"काका म्हणतात तसं लिहा," बाई म्हणाल्या. "ते बघणारे आहेत."

अधिकाऱ्याने बाईंच्या जबाबावर तिरकी रेघ ओढली. निरीक्षकांच्या निवेदनाखाली एक शब्द लिहिला आणि शिक्का मारला. तो शब्द उलट्या बाजूनेही निरीक्षकांना वाचता आला.

बसमध्ये दोघांना शेजारी जागा मिळाली. एरवी बाई बोलत असत. मुलीची परीक्षा, शेजारणीचा कुत्रा, कार्यालयातल्या कोणाची बदली. आज त्या खिडकीतून बाहेर पाहत होत्या. निरीक्षकांनी दोनदा घसा खाकरला.

"तुमच्या चांगल्यासाठीच बोललो मी."

"हो काका."

"उद्या चौकशी झाली असती, शपथेवर विचारलं असतं, तर काय सांगितलं असतं तुम्ही?"

बाईंनी काचेवरची धूळ बोटाने पुसली. "काठ खाली होता, असं सांगितलं असतं," त्या म्हणाल्या.

टेकडीचा थांबा जवळ आला. कागद गेला, शेरा येणार, वर बाईही रुसल्या. निरीक्षकांना वाटलं, आयुष्यात एकदाच आपण आवाज केला, तर त्याचं हे असं झालं. बायको म्हणत होती तेच बरोबर होतं.

तीनला पाच मिनिटं असताना बाईंनी फुगा भरला. फुग्याच्या मानेशी दोऱ्याचे चार वेढे घेऊन घट्ट गाठ मारली. निरीक्षकांनी दुर्बिणीची तबकडी शून्यावर आणली, डोळा लावला आणि हात वर केला. बाईंनी फुगा सोडला आणि त्या स्टुलावर येऊन बसल्या. कागद मांडीवर, मान खाली.

फुगा दुर्बिणीत आला. अजून तो जवळ होता, मोठा होता. त्याची गाठ मारलेली मान स्पष्ट दिसत होती. मान वर होती, फुग्याच्या डोक्यावर, पांढऱ्या दोऱ्याच्या वेढ्यांसकट. रोज दिसायची तशीच.

घंटी वाजली. निरीक्षकांनी दोन आकडे सांगितले. पेन्सिल खरखरली.

मान वर होती. पण बाईंनी ती आत्ता, त्यांच्या देखत, खालच्या बाजूला बांधली होती.

ही दुर्बीण सगळं उलटं दाखवते, हे त्यांना कामाच्या पहिल्या दिवशी शिकवलं होतं. त्यांनी स्वतः ते पुढे कित्येकांना शिकवलं होतं. नंतर ते हातांना ठाऊक झालं आणि डोक्याने सोडून दिलं, कारण फुगा गोल असतो, लांब गेला की नुसता ठिपका. ठिपक्याला वर-खाली नसतं. एकतीस वर्षांत या दुर्बिणीतून पाहिलेल्या कशाचं वर-खाली त्यांना सांगावं लागलं होतं ते एकदाच, त्या चार मिनिटांचं.

दुसरी घंटी वाजली.

"काका, दुसरं मिनिट."

निरीक्षकांनी डोळा काढला. उन्हाने तो एकदम पाणावला. फुगा वर कुठेतरी गेला होता. शोधायचं त्यांच्या मनातही आलं नाही. शेजारी स्टुलावर बाई वाकून बसल्या होत्या. पेन्सिलीचं टोक दुसऱ्या ओळीवर टेकलेलं होतं.

"बाई," ते म्हणाले. "जरा वर बघता का?"

बाईंनी मान वर केली नाही.

"तुम्ही आकडा सांगा, काका," त्या म्हणाल्या.